पहाटेची मण्यार आणि एकटा पॅरामेडिक : निपाणीच्या शिवारातलं एक प्रकरण

जलद प्रतिसाद गाडीत स्ट्रेचर नसतं. रुग्णाला झोपवून न्यायची सोयच तिच्यात नाही. त्यामुळे अशी गाडी पहिल्यांदा वस्तीवर पोचली की हमखास विचारणा होते, "मग ही आली कशाला?" या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी मण्यार सापाच्या दंशाचं हे प्रकरण मांडलं आहे. ते प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे. माणसं, वेळा आणि तपासणीचे आकडे कल्पित आहेत. विषाचं वागणं, औषधांच्या मात्रा, रस्ते आणि घडणाऱ्या चुका मात्र जशा असतात तशाच ठेवल्या आहेत.

ब्रिटनसारख्या देशांत ही गाडी रुग्णवाहिका सेवेचा रोजचा भाग आहे. साध्या मोटारीत एकटा पॅरामेडिक (तातडीचे उपचार शिकलेला आरोग्यकर्मी) असतो. तो आधी पोचून उपचार सुरू करतो आणि मागून रुग्णवाहिका येते. कर्नाटकात १०८ ची 'आरोग्य कवच' सेवा २००८ मध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये तिच्यातच मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या. त्यामागचा विचारही हाच होता, की आधी शिकलेला हात पोचावा आणि वाहन मागून यावं. शहरात ही गरज वाहतूक कोंडीमुळे पडते. बेळगावच्या सीमाभागात ती ऊस, काळी माती आणि लांबची रुग्णालयं यांमुळे पडते.

जागा आणि वेळ

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला. निपाणीच्या पूर्वेला अक्कोळ-गळतग्याच्या बाजूच्या एका शिवारात बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीच्या बावीस कोप्या, म्हणजे झोपड्या, आहेत. डांबरी रस्त्यापासून वस्ती सातशे मीटर आत आहे. मधली गाडीवाट काळ्या मातीची, आणि शेजारच्या मालकाने आदल्या दिवशी उसाला पाणी पाजलेलं. कोपीत खाट नाही. पाचटावर (उसाच्या वाळलेल्या पाल्यावर) वाकळ टाकून सगळे भुईवर झोपलेले. मण्यार निघते रात्री, आणि उंदीर-पाली-लहान सापांच्या मागे ती अशाच जागी येते.

रुग्ण ३२ वर्षांची बाई, वजन अंदाजे ४५ किलो. रात्री पावणेदोनच्या सुमारास उजव्या कोपराजवळ मुंगी चावल्यासारखं वाटलं. हात झटकून ती पुन्हा झोपली. तीन वाजून पाच मिनिटांनी पोटात कळ आली, दोन उलट्या झाल्या. नवऱ्याला वाटलं, रात्रीचं जेवण बाधलं. सव्वातीनला ती म्हणाली, "डोळे उघडंनात." तेव्हा वाकळ झटकली आणि खालून हातभर लांबीचं काळं जनावर निघालं.

मण्यारीची ओळख इथेच चुकते. नागाच्या चाव्याला सूज येते. घोणस-फुरशाच्या चाव्यात वेदना आणि रक्तस्राव असतो. मण्यारीचे दात बारीक असतात, जागा पुष्कळदा सापडतही नाही, दुखत नाही, सुजत नाही. भुईवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी आणि उलटी झाली आणि पापण्या जड झाल्या, तर जखम दिसो वा न दिसो, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती मण्यारच धरायची.

फोन : सात मिनिटं कुठे गेली

३ वाजून ३२ मिनिटांनी टोळीच्या मुकादमाने १०८ लावला. सीमेलगत फोन कोणत्या मनोऱ्यावर चढतो यावर तो कर्नाटकाच्या कंट्रोल रूमला जातो की महाराष्ट्राच्या हे ठरतं. महाराष्ट्राची १०८ सेवा वेगळी आहे, २०१४ पासूनची. दोन्हीकडे नंबर तोच, पण गाड्या, डॉक्टर आणि नोंदवह्या वेगळ्या. या वेळी फोन कर्नाटकाकडे लागला, आणि घटनाही कर्नाटकातलीच, म्हणजे इथपर्यंत ठीक.

मुकादम म्हणाला, "बाईला जनावर चावलंय, लवकर या." समोरच्या कर्मचाऱ्याचं मराठी कामापुरतं. त्याने 'जनावर' म्हणजे प्राणी धरला आणि नोंद केली : प्राण्याचा चावा, रुग्ण शुद्धीवर, श्वास चालू. या नोंदीला कुत्रा चावल्याचा अग्रक्रम मिळाला. आपल्याकडे रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेत नाहीत. कुणी जनावर म्हणतं, कुणी लांबडं, कुणी किरडू. "पान लागलं" म्हटलं की जुन्या माणसाला सर्पदंश हे लगेच कळतं, पण पुस्तकी मराठी शिकलेल्याला त्यातून काहीच कळत नाही. फोन घेणारा चुकला असं म्हणता येणार नाही, कारण त्याच्या यादीत हे शब्दच नव्हते.

चूक निपाणीतल्या गाडीच्या पॅरामेडिकने पकडली. स्क्रीनवर 'प्राण्याचा चावा' दिसला, पण वेळ पहाटेची आणि ठिकाण कोप्यांचं. त्याने गाडी बाहेर काढतानाच मुकादमाला उलटा फोन केला आणि तीन प्रश्न विचारले : जनावर कसलं, डोळे पूर्ण उघडतात का, थुंकी गिळता येते का? तिसऱ्या प्रश्नावर मुकादम म्हणाला, "तोंडातनं लाळ गळतीया." ३ वाजून ३९ मिनिटांनी पॅरामेडिकने कंट्रोल रूमला कन्नडमध्ये सांगितलं, "हावु कच्चिदे," म्हणजे साप चावलाय, आणि श्वास बंद पडण्याचा धोका आहे म्हणून रुग्णवाहिका वरच्या अग्रक्रमाने मागितली. जवळची रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला सोडून चिकोडीहून परतत होती.

त्याच फोनवर मुकादमाला चार सूचना गेल्या. बाईला डाव्या कुशीवर, तोंड खाली राहील असं झोपवा. चालवू नका, पाणी-दूध-औषध काही पाजू नका. साप मेला असेल तर फोटो काढा, हात लावू नका. आणि दोन माणसं बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर, डीपीच्या (विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या) खांबाजवळ उभी करा. या शेवटच्या सूचनेने सगळ्यात जास्त वेळ वाचतो. पुरुषभर उंचीच्या उसात रात्री नकाशावरची खूण फारशी कामाची नसते. गाडी एका वाफ्याच्या पलीकडून निघून जाते.

गाडीत काय असावं

या प्रकरणात लागलेलंच सामान सांगतो, कारण पूर्ण यादी लांब आहे. ए प्रकारचे दोन ऑक्सिजन सिलेंडर, प्रत्येकात भरलेले असताना साधारण ७५० लिटर. मोठ्यांची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि तिला ३, ४ आणि ५ नंबरचे मास्क. हाताने चालणारं सक्शन (तोंडातली लाळ-उलटी ओढून काढायचं साधन), कारण बॅटरीचं सक्शन नेमकं हव्या त्या रात्री चार्ज केलेलं नसतं. आयजेल, म्हणजे घशात बसवून श्वासाची वाट उघडी ठेवणारी नळी, ३, ४ आणि ५ नंबरची. पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाबाचा पट्टा, ग्लुकोमीटर, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र). १८ आणि २० नंबरच्या सुया, ५०० मिलीच्या दोन सलाईन. अ‍ॅड्रेनलिनच्या १ मिलिग्रॅमच्या दहा कुप्या. कपाळावर बांधायची बॅटरी, ही मात्र दोन असाव्यात.

सर्पविषाची लस, म्हणजे विषावरचं प्रतिविष, या गाडीत नाही, आणि ती नसणं बरोबरही आहे. लस देताना अ‍ॅलर्जीचा जबर झटका येऊ शकतो. उसाच्या फडात एकट्या माणसाने एका हाताने श्वास द्यायचा आणि दुसऱ्या हाताने तो झटका आवरायचा, हे जमणारं नाही.

कोपीत

४ वाजून ४ मिनिटांनी पॅरामेडिक बाईजवळ पोचला. गाडी वाटेच्या कोरड्या भागापर्यंत आली, पुढचे दोनशे मीटर तो पाठीवर बॅग आणि हातात सिलेंडर घेऊन चालत गेला.

बाई जागी होती. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बोलणं नाकातून. दंडाला सुती दोरी बांधलेली होती, पण बोट आत जात होतं आणि मनगटाची नाडी लागत होती, म्हणून ती कापली. दोरी घट्ट रुतलेली असती, हात थंड-निळा असता, तर ती लगेच कापायची नव्हती. घट्ट बांध अचानक सुटला की अडकलेलं विष एकदम शरीरात उतरतं. अशा वेळी आधी शिरेत सुई, हाताशी अंबू बॅग, डॉक्टर फोनवर किंवा समोर, आणि मग हळूहळू सैल करायचं.

पहिल्या नोंदी : श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९७ टक्के, नाडी १०४, रक्तदाब १३०/८४, साखर ११८. हे आकडे पाहून नवखा माणूस निर्धास्त होतो. मण्यारीत या आकड्यांवर विसंबायचं नाही. विष फुफ्फुसाला काही करत नाही. ते नसेच्या (मज्जातंतूच्या) टोकावर बसतं आणि स्नायूपर्यंत निरोप जाऊ देत नाही. आधी पापण्या पडतात, मग घसा, मान, आणि शेवटी श्वासाचे स्नायू. ऑक्सिजनचा आकडा खाली येतो तो अगदी शेवटी, आणि बाहेरून ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी उशिरा.

म्हणून तीन गोष्टी दर पाच मिनिटांनी पाहायच्या. एक, उताणं झोपवून मान उचलता येते का. दोन, लाळ गिळली जाते की साचते. तीन, एका श्वासात किती आकडे मोजता येतात. खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि सेकंदाला दोन या चालीने मोठ्याने मोजायला लावायचं. धडधाकट माणूस चाळीसच्या आसपास जातो. वीसच्या खाली आला की धोका, आणि घसरण चालू असेल तर अंबू बॅग उघडून हातात धरायची. बाई ४ वाजून ८ मिनिटांनी अठरापर्यंत मोजू शकली, ४ वाजून १६ ला बारापर्यंत, आणि ४ वाजून २१ ला सातवर थांबली. मान उशीवरून उठेना.

फोटोतला साप काळा, अंगावर बारीक पांढऱ्या जोडपट्ट्या, शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट. मण्यारीसारख्या दिसणाऱ्या बिनविषारी कवड्या सापाच्या पट्ट्या उलट, मानेपासून सुरू होतात आणि मागे विरतात. फोटोने खात्री वाढली इतकंच. उपचार ठरले ते पापण्या आणि मोजणीवरून.

डाव्या हातात २० नंबरची सुई लावून झाली होती. कंट्रोल रूमच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. निओस्टिग्मिनचा प्रश्न निघाला. नागाच्या विषात निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिनने चांगला फरक पडतो, कारण नागाचं विष स्नायूच्या बाजूला बसतं. मण्यारीचं विष मुख्यतः नसेच्या टोकाचंच नुकसान करतं, तिथे या औषधाचा फायदा थोडा. साप ओळखला गेला होता आणि श्वास घसरत होता. डॉक्टरांनी त्यात वेळ न घालवता श्वास धरायला सांगितलं. आमच्या मते हा निर्णय बरोबर होता.

भाता बंद पडतो तेव्हा

४ वाजून २६ मिनिटांनी श्वास उथळ झाले, मिनिटाला ३२, छाती हलेना, ऑक्सिजन ९१. इथून पुढची चाळीस मिनिटं या गाडीचं खरं काम झालं.

एकट्या माणसाला एका हाताने मास्क धरून दुसऱ्याने पिशवी दाबणं जमतं असं पुस्तकात दिसतं. प्रत्यक्षात मास्कच्या कडेने हवा निसटते, छाती उचलत नाही आणि दहा मिनिटांत बोटं वळतात. त्यामुळे एकट्या पॅरामेडिकने पहिल्याच मिनिटाला मदतनीस निवडायचा असतो. रडणारा नवरा नको. हात स्थिर असलेला, सांगितलेलं ऐकणारा माणूस हवा. इथे तो मुकादम होता.

पॅरामेडिक डोक्याशी गुडघ्यावर बसला. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या मास्कवर, बाकीच्या बोटांनी जबडा वर ओढलेला. आधी दहा सेकंद सक्शन, त्याहून जास्त नाही. मग म्हणाला, "मामा, मी आकडे म्हणतो. सहाला दाबायचं. पिशवी तिसरा हिस्सा दाबायची, पिळायची नाही. छाती जराशी वर आली की सोडा." एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. म्हणजे मिनिटाला दहा. माणूस घाबरला की भराभर दाबतो, हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी येते आणि ती फुफ्फुसात उतरते. आकडे मोठ्याने म्हणायचे ते यासाठीच. दुसऱ्या मिनिटाला ऑक्सिजन ९८ वर आला.

आणि बाईशी बोलायचं. हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. मण्यारीचा रुग्ण डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, पुढे बाहुल्या विस्फारून प्रकाशाला प्रतिसादही देत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, गेला. पण विष मेंदूत जात नाही. तो ऐकत असतो. कोपीच्या दारात बायकांनी हंबरडा फोडला तो तिला ऐकू गेला असणार. पॅरामेडिकने त्यांना बाहेर नेलं आणि तिच्या कानाशी सांगितलं, "ताई, तुमचा श्वास आम्ही देतोय. हलता येत नाही ते विषामुळं. हे उतरतं. मी इथंच आहे." दर काही मिनिटांनी तेच पुन्हा सांगायचं. बाहुल्या पाहून प्रयत्न सोडणं ही सर्पदंशातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

ऑक्सिजनचा हिशोब याच वेळी करायचा. सिलेंडर दोन, मिळून १५०० लिटर. मिनिटाला १५ लिटर सोडला तर शंभर मिनिटं. रुग्णालय त्याहून लांब. पण या बाईची फुफ्फुसं निरोगी आहेत, फक्त भाता बंद पडला आहे. तिला मुळात हवा ढकलून हवी, जादा ऑक्सिजन नव्हे. आकडा ९५ च्या वर स्थिर झाल्यावर प्रवाह ५ लिटरवर आणला, म्हणजे एकच सिलेंडर अडीच तास. सिलेंडर रिकामा झाला म्हणून दाबणं थांबवायचं नसतं. साध्या हवेवरही हा रुग्ण जगतो. अनेकांना हे माहीत नसतं आणि सुईचा काटा शून्यावर आला की हात गळतात.

सातशे मीटर

४ वाजून ३३ ला रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर आली. तिचा पायलट, म्हणजे चालक, गाडी घेऊन गाडीवाटेवर उतरला, मागचं चाक पहिल्याच ओल्या पट्ट्यात रुतलं. सुदैवाने ती उलटी निघाली. चिखलात स्ट्रेचरची चाकं चालणार नव्हती.

उचलून न्यायचं तर चालता चालता दोन हातांनी मास्क धरता येत नाही. म्हणून हलवायच्या आधी आयजेल. घशात उबळ येत नाही हे तपासलं, डॉक्टरांची फोनवर परवानगी घेतली. ४५ किलोला ३ नंबर. जेल लावून, टाळूला धरून सरकवली, अंबू बॅग जोडली, छाती दोन्हीकडे उचलते हे पाहिलं, बाजूच्या छिद्रातून १२ नंबरची नळी घालून पोटातली हवा काढली, आणि पट्टीने बांधली. आता पिशवी एका हाताने दाबता येते.

वाहन वस्तीवरच होतं : टोळीची टायरगाडी. बैल जुंपले नाहीत, कारण रात्री बिथरले तर सगळंच संपलं. पाचट अंथरून वर वाकळ टाकली, बाईला ठेवलं, पॅरामेडिक डोक्याशी चढला आणि आठ जणांनी गाडी ओढली. घाईने नाही. खाचखळग्याला थांबून. दर शंभर मीटरवर छाती उचलते का ते पाहिलं, कारण हलवाहलवीत नळी सरकते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सोळा मिनिटं लागली. ओढणारे सगळे तिच्या टोळीतले होते आणि सगळ्यांनी मुकादमाबरोबर आकडे म्हटले.

कुठे न्यायचं

निपाणीहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव साधारण ७५. बेळगावच्या वाटेत तवंदी घाट. बाई कर्नाटकात आहे, रुग्णवाहिका कर्नाटकाची आहे, म्हणून बेळगाव, असा सरळ विचार केला तर श्वास देत नेण्याचा वेळ जवळपास दुप्पट होतो. शिवाय टोळी बीडची, रेशनकार्ड महाराष्ट्राचं. महाराष्ट्रातल्या सरकारी योजनेचे कागद कोल्हापुरात सहज चालतात, बेळगावात चालतीलच असं नाही. उलट स्थानिक कुटुंब असतं, घरात कर्नाटकाचं आरोग्य कार्ड असतं, तर हाच तोल बदलला असता. सीमाभागात हा विचार वैद्यकीय निर्णयाचाच भाग आहे.

पण थेट कोल्हापूरही नाही. लक्षणं दिसणाऱ्या रुग्णाला लसीची पहिली मात्रा सुरू करूनच पुढे पाठवायचं. निपाणीचं सरकारी रुग्णालय वाटेत आहे. पॅरामेडिकने टायरगाडी निघण्याआधीच तिथल्या डॉक्टरांना फोन केला : मण्यार, पापण्या पडलेल्या, श्वास आयजेलवर, सुई डाव्या हातात, पोचायला अर्धा तास. डॉक्टरांनी लसीच्या दहा कुप्या काढायला लावल्या.

या एका फोनची किंमत सांगायला हवी. लस बहुधा कोरडी पूड असते. प्रत्येक कुपीत १० मिली पाणी घालून ती विरघळवायची, हलकेच गोल फिरवायची. हलवली की फेस येतो आणि लस वाया जाते. दहा कुप्यांना एका परिचारिकेला पाऊण तासाच्या घरात वेळ सहज जातो. रुग्ण दारात आल्यावर हे सुरू झालं असतं तर तो वेळ बाईच्या वाट्याला आला असता.

कोल्हापूरला फोन रुग्णवाहिकेतून झाला. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सगळे म्हणतात त्या सीपीआरमध्ये, व्हेंटिलेटरची खाट मोकळी आहे का हे नाव-हुद्दा विचारून पक्कं केलं. "घेऊन या" एवढ्या शब्दावर निघू नये. हद्द ओलांडत असल्याचंही कंट्रोल रूमला सांगून ठेवलं.

निपाणी ते कोल्हापूर

पॅरामेडिक रुग्णवाहिकेत चढला. तिथला कर्मचारी एकटा होता आणि श्वास, लस, नोंदी हे एकट्याचं काम नाही. जलद गाडी डीपीपाशी कुलूप लावून ठेवली. औषधांची पेटी, एईडी आणि किल्ली बरोबर घेतली. इथे किंमतही मोजावी लागली : पुढचे पाच तास निपाणीच्या भागात जलद गाडी नव्हती. कोल्हापूरला पोचवून परत येईपर्यंत दुसरा फोन आला असता तर माणूसच नव्हता. पॅरामेडिक रुग्णवाहिकेत गेला की गाडी आणायला कोण जाईल हे ठरलेलं नसणं, हा अशा सेवेचा नेहमीचा अशक्तपणा आहे.

५ वाजून १२ मिनिटांनी निपाणी. दहा कुप्या सलाईनमध्ये घालून एका तासात जाईल अशी धार सुरू केली. त्याआधी अ‍ॅड्रेनलिनचं अर्धं मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून रुग्णाच्या छातीजवळ चिकटवून ठेवलं. लस लहान मुलाला आणि गरोदर बाईलाही तेवढीच द्यायची, कारण मात्रा विषासाठी असते, वजनासाठी नसते. रक्त गोठतं का पाहायला २ मिली रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत ठेवलं, पण वीस मिनिटं त्यासाठी थांबले नाहीत. निकाल फोनवर कळवला : गोठलं.

५ वाजून २७ ला निघाले. कोगनोळीच्या टोलनाक्याजवळ बाईच्या छातीवर आणि मानेवर पित्त उठलं, नाडी १३८, रक्तदाब ८४/५०. लसीची धार थांबवली, भरलेलं अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिलं, सलाईन जोरात सोडली. हलणारी गाडी बाजूला घेतली, पण अंबू बॅग थांबली नाही. आठ मिनिटांत रक्तदाब १०४ वर आला. लस पुन्हा सुरू केली, आधी अगदी हळू, मग वाढवत. झटका आला म्हणून लस कायमची बंद करणं हीही चूकच, कारण विष तसंच राहतं.

६ वाजून ३१ मिनिटांनी सीपीआरच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर लागला. पहिल्या पिशवीपासून व्हेंटिलेटरपर्यंत दोन तास पाच मिनिटं हाताने श्वास. पहिल्या दोन मिनिटांनंतर ऑक्सिजन ९३ च्या खाली गेला नाही. मण्यारीच्या रुग्णाला बहुधा काही दिवस व्हेंटिलेटरवर काढावे लागतात, नसेची टोकं नव्याने उगवेपर्यंत. लस दिली तरी ही वाट पाहावीच लागते. म्हणून "लस दिली तरी उठत नाही" असं नातेवाईक म्हणू लागण्याआधीच त्यांना हे सांगून ठेवलेलं बरं.

नोंद आणि दुरुस्ती

कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवला. ही बाई चावली गेली कर्नाटकात, बरी होणार महाराष्ट्रात. निपाणीच्या रुग्णालयाने पहिली मात्रा दिली म्हणून तिची नोंद झाली. थेट कोल्हापूर गाठलं असतं तर तिथल्या कागदावर बीडचा पत्ता गेला असता आणि निपाणीच्या शिवारात मण्यार आहे हे बेळगावच्या नोंदीत कुठेच उमटलं नसतं. म्हणून जलद गाडीच्या पॅरामेडिकने घटनेची जागा रुग्णाच्या पत्त्यापासून वेगळी लिहून ती आपल्या जिल्ह्याला कळवायची. अर्ध्या पानाचं काम आहे.

त्याच आठवड्यात गाडी वस्तीवर पुन्हा गेली. बावीस कोप्यांना खाटा मिळणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. मच्छरदाणी वाकळीखाली चारी बाजूंनी खोचून झोपणं मात्र जमतं. ते करून दाखवलं, पाचटाचे ढीग कोपीपासून दूर हलवायला लावले, आणि मुकादमाकडे डीपीचा नंबर लिहून दिला. पुढच्या वेळी फोनवर तोच सांगायचा.

कंट्रोल रूमला एक कागद पाठवला. फोन घेणाऱ्याच्या टेबलावर चिकटवण्यासाठी, मराठी उच्चार कन्नड लिपीत : जनावर चावलं, जनावर डसलं, लांबडं चावलं, किरडू लागलं, पान लागलं. सगळ्यांसमोर एकच शब्द लिहिलेला, हावु. आणि खाली एक प्रश्न, जो उत्तर येईपर्यंत विचारायचा : थुंकी गिळता येते का?